टॉप पेअर लागली, पण फ्लॉप कसा आहे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खालचे सगळे प्रश्न पोकरच्या नो-लिमिट टेक्सास होल्डेम या प्रकाराचे आहेत: प्रत्येकाच्या हातात दोन पत्ते, आणि टेबलावर सगळ्यांसाठी आधी तीन (फ्लॉप), मग चौथा (टर्न) आणि पाचवा (रिव्हर); टेबलावरचे हे पत्ते म्हणजे बोर्ड. वेगळं सांगितलं नसेल तिथे कॅश गेम आहे आणि प्रत्येकासमोर 100 बिग ब्लाइंड आहेत असं धरा. बिग ब्लाइंड म्हणजे सुरुवातीलाच लावावी लागणारी सक्तीची रक्कम; ती लावणाऱ्या खेळाडूलाही बिग ब्लाइंडच म्हणतात. पत्त्यांची नावं आपल्या घरचीच ठेवली आहेत: एक्का, राजा, राणी, गुलाम, दश्शी, नव्वी आणि पुढे दुर्रीपर्यंत. रंग म्हणजे इस्पिक, बदाम, किलवर, चौकट.

टॉप पेअर नेमकी कशाला म्हणायची, आणि ती किती वेळा लागते?

फ्लॉपवर जो सगळ्यात मोठा पत्ता आहे त्याचा जोडीदार तुमच्या हातात असला की टॉप पेअर. हातातच जोडी असेल आणि ती फ्लॉपवरच्या सगळ्या पत्त्यांपेक्षा मोठी असेल तर ती ओव्हरपेअर. तिचे बरेच नियम सारखे असले तरी इथे तिच्याबद्दल बोलत नाही.

हातात दोन वेगळे पत्ते असतील तर त्यातल्या निदान एकाची जोडी फ्लॉपवर लागण्याची शक्यता 32 टक्क्यांच्या आसपास असते. म्हणजे तीनातून दोन वेळा काहीच लागत नाही. म्हणून जोडी दिसली की हात शिवशिवतो, आणि नेमका तिथेच विचार थांबतो.

तीन पत्तीत जोडी म्हणजे मोठा हात. मग पोकरमध्ये इतकं जपून का खेळायचं?

दिवाळीत तीन पत्ती खेळून पोकरकडे आलेल्या प्रत्येकाला हा प्रश्न पडतो, आणि तो रास्त आहे. तीन पत्त्यांमध्ये सुमारे 74 टक्के हात नुसते हाय कार्डचे असतात. जोडी जेमतेम 17 टक्के वेळा येते. त्यामुळे तिथे जोडी आली की चाल वाढवणं बरोबरच आहे.

होल्डेममध्ये रिव्हरपर्यंत सात पत्ते मिळतात आणि त्यातून पाच निवडायचे असतात. सात पत्त्यांत काहीच न लागण्याची शक्यता 17 टक्क्यांवर येते. गणितच उलटं होतं. फ्लॉपला टॉप पेअर बहुतेक वेळा पुढे असते, पण पाचही पत्ते उघडून सगळा स्टॅक, म्हणजे समोरचे सगळे पैसे, मध्ये गेला असेल तर तीच जोडी बहुतेक वेळा मागे असते. या दोन टोकांच्या मध्ये कुठे थांबायचं ते फ्लॉप सांगतो.

फ्लॉपचा पोत बघायचा म्हणजे काय बघायचं?

रंग, सलगपणा, उंची आणि बोर्डवर जोडी आहे का, एवढंच.

रंगाचं सांगायचं तर 40 टक्के फ्लॉप तीन वेगळ्या रंगांचे येतात, 55 टक्के फ्लॉपवर दोन पत्ते एका रंगाचे असतात आणि तिन्ही एकाच रंगाचे फक्त 5 टक्के वेळा येतात. बोर्डवर जोडी सुमारे 17 टक्के फ्लॉपवर असते.

पण हे बघून झाल्यावर स्वतःला विचारायचा प्रश्न एकच आहे: माझ्यापेक्षा कमजोर असे कोणते हात मला पैसे देतील, आणि किती राउंड देतील? फ्लॉप, टर्न, रिव्हर असे तीन राउंड. टॉप पेअर आहे की नाही यापेक्षा ती एका राउंडची आहे, दोनची आहे की तिन्हीची, हे ओळखणं म्हणजे तिला नीट खेळणं. पुढची सगळी उत्तरं याच प्रश्नाची आहेत.

राजा-सत्ती-दुर्री, तिन्ही रंग वेगळे. हातात एक्का-राजा. हळू खेळून समोरच्याला अडकवू का?

नको. हा ड्राय फ्लॉप आहे. फ्लशचा (एका रंगाचे पाच पत्ते) ड्रॉ, म्हणजे पूर्ण व्हायला एकच पत्ता हवा असलेला हात, नाही. सत्ती आणि दुर्री एकाच स्ट्रेटमध्ये (सलग पाच पत्त्यांत) बसत नाहीत, म्हणून स्ट्रेटचाही ड्रॉ नाही. भीती कमी, म्हणून लोक चेक करून, म्हणजे पैसे न लावता, बसतात. पण पैसे न वाढण्याचं नुकसान मोठं आहे.

आधी कोण पैसे देईल ते मोजू. एक राजा तुमच्याकडे, एक बोर्डवर, म्हणजे दोन राजे शिल्लक. राजा-राणीचे 8 प्रकार, राजा-गुलामचे 8, राजा-दश्शीचे 8, असे 24 हात तुमच्या मागे आहेत आणि सहजासहजी फोल्ड होणार, म्हणजे टाकले जाणार, नाहीत. तुमच्या पुढे असलेले सेट (हातातली जोडी आणि बोर्डवरचा तसाच तिसरा पत्ता): तीन राजांचा 1, सत्तीचे 3, दुर्रीचे 3, एकूण 7. त्यातही हातात दोन राजे असणारा फ्लॉपच्या आधीच परत रेझ करून (रक्कम वाढवून) मोकळा झाला असता. नव्वीची किंवा दश्शीची जोडी घेऊन बसलेलेही छोटी बेट (लावलेली रक्कम) एकदा तरी कॉल करतात, म्हणजे तितकेच पैसे घालतात.

आता पैसे. बटनवरून (फ्लॉपनंतर शेवटी बोलणाऱ्या जागेवरून) तुम्ही 2.5 बिग ब्लाइंड केले, बिग ब्लाइंडने कॉल केला, पॉट, म्हणजे मध्ये जमलेले पैसे, स्मॉल ब्लाइंडचा अर्धा धरून 5.5. फ्लॉपला पॉटच्या एक तृतीयांश, म्हणजे 1.8 लावले आणि कॉल आला की पॉट 9.1. टर्नला दोन तृतीयांश, 6 लावले की 21.1. रिव्हरला तसेच 14 लावले की पॉट 49 च्या वर जातो. समोरच्या राजा-राणीने फ्लॉपनंतर सुमारे 22 बिग ब्लाइंड दिले. फ्लॉपला चेक केलं असतं तर टर्नला 3.7 आणि रिव्हरला 8.6, म्हणजे साधारण 12 च मिळाले असते. एका चेकने 9-10 बिग ब्लाइंड गेले. रात्रभर खेळून इतकी कमाई झाली तरी पुष्कळ लोक समाधानाने उठतात.

इथे फ्लॉपला लहान बेट, पण बेट तिन्ही राउंड. एक्का-राजा इथे तीन राउंडचा हात आहे.

राजा-दश्शी-चव्वी, त्यात राजा आणि दश्शी इस्पिकची. तोच एक्का-राजा. काय बदललं?

जवळजवळ सगळं. तुमच्याकडे चौकटचा एक्का आणि बदामचा राजा आहे, समोर इस्पिकची राणी आणि इस्पिकचा गुलाम आहे असं धरा. त्याला फ्लश करायला 9 इस्पिक, स्ट्रेट करायला बाकीचे 2 एक्के आणि 3 नव्व्या, असे एकूण 14 पत्ते आहेत. रिव्हरपर्यंत त्यातला एक तरी येण्याची शक्यता 53 टक्के. म्हणजे सगळे पैसे इथे गेले तर तुमची टॉप पेअर, टॉप किकर (जोडीसोबतचा दुसरा पत्ता सगळ्यात मोठा) असूनही तो किंचित पुढे आहे. टेबलावर ऑल-इन झाल्यावर (सगळे पैसे लागल्यावर) ‘माझं नशीबच फुटकं’ म्हणणाऱ्यांपैकी अर्ध्यांनी हा हिशेब केलेलाच नसतो.

पण असा डबल ड्रॉ क्वचित असतो. बहुतेक वेळा समोर साधा फ्लश ड्रॉ असतो. त्याला पुढच्या पत्त्यात 9 पैकी कुठलाही एक हवा असतो, म्हणजे 19 टक्के. तुम्ही एक तृतीयांश लावलं तर त्याला 20 टक्क्यांचा भाव मिळतो (तितक्या वेळा जिंकला तरी कॉलचे पैसे वसूल), म्हणजे तुम्ही त्याला जवळपास रास्त किमतीत पत्ता विकला. अर्धा पॉट लावलात तर त्याला 25 टक्के लागतात, तीन चतुर्थांश लावलात तर 30. पुढे फ्लश लागल्यावर तुमच्याकडून आणखी पैसे निघतील या आशेवर तो तरीही कॉल करेल. करू दे. प्रत्येक वेळी ते त्यालाच थोडं थोडं महागात पडतंय.

म्हणून अशा फ्लॉपवर मोठी बेट, पॉटच्या दोन तृतीयांश ते तीन चतुर्थांश. टर्नला साधा पत्ता आला, समजा बदामची सत्ती, तर पुन्हा तितकीच मोठी. इस्पिक आलं तर हात आखडा. चेक करा, छोटी बेट आली तर कॉल करा. फ्लॉपला एवढे पैसे लावले म्हणून टर्नलाही लावलेच पाहिजेत असं काही नाही.

गुलाम-दश्शी-नव्वी असा भिजलेला (ड्रॉंनी भरलेला) फ्लॉप आणि हातात एक्का-गुलाम. सोडून देऊ का?

सोडू नका, पण हा जास्तीत जास्त दोन राउंडचा, खरं तर बहुतेक वेळा दीड राउंडचा हात आहे. या फ्लॉपवर थोडं थांबू या, कारण टॉप पेअरचे सगळ्यात जास्त पैसे इथेच जातात.

बोर्ड बदामचा गुलाम, बदामची दश्शी, इस्पिकची नव्वी. तुमच्याकडे किलवरचा एक्का आणि किलवरचा गुलाम. राजा-राणीचे तब्बल 16 प्रकार इथे थेट स्ट्रेट आहेत. राणी-अठ्ठी आणि अठ्ठी-सत्ती स्ट्रेट आहेत. गुलाम-दश्शीच्या दोन जोड्यांचे 6 प्रकार आहेत. दश्शी आणि नव्वीचे सेट प्रत्येकी 3.

आणि जे अजून तुमच्या मागे आहेत त्यांचं बघा. टर्नला कोणता पत्ता तुम्हाला नको? चार राण्या, चार राजे, चार अठ्ठ्या, चार सत्त्या, म्हणजे 16, कारण यातल्या कुठल्याही पत्त्याने समोरच्याला एकाच पत्त्यावर स्ट्रेट मिळू शकतो. उरलेल्या बदामांपैकी यात न आलेले आणखी 7. एकूण 23. न दिसलेले पत्ते 47. म्हणजे टर्नचा जवळजवळ प्रत्येक दुसरा पत्ता तुमच्या हाताची किंमत पाडतो.

बटनवर असाल तर इथे चेक करणं अजिबात घाबरटपणाचं नाही. बेट करायचीच तर दोन तृतीयांशच्या आसपास एकदा, आणि कॉल आल्यावर टर्न साधा, म्हणजे तिर्री-चव्वीसारखा असेल तरच पुन्हा विचार. हातात एक्का-गुलामच्या ऐवजी राणी-गुलाम असेल तर मात्र वेगळी गोष्ट. टॉप पेअरसोबत दोन्ही बाजूंचा स्ट्रेट ड्रॉ मिळतो, आणि किकर लहान असूनही इथे तो हात एक्का-गुलामपेक्षा सुखाने खेळता येतो.

तिन्ही पत्ते इस्पिकचे. माझ्याकडे टॉप पेअर आहे, पण इस्पिक नाही. फ्लश आधीच झाला असेल ना?

भीती वाटते तितका झालेला नसतो. तुमच्याकडे इस्पिक नसेल तर कुठल्याही दोन पत्त्यांत दोन्ही इस्पिक असण्याची शक्यता सुमारे 4 टक्के. प्रत्यक्षात लोक एकाच रंगाचे पत्ते जास्त आवडीने खेळतात, म्हणून ती थोडी वाढते. खरी अडचण एकच इस्पिक घेऊन बसलेल्यांची आहे. असे हात 34 टक्के आहेत, आणि रिव्हरपर्यंत चौथं इस्पिक येण्याची शक्यता 38 टक्के. चौथं आलं की तुमच्या जोडीला फारसा अर्थ उरत नाही.

लहान बेट करा, पॉटच्या चतुर्थांश ते तृतीयांश, किंवा चेक करून पॉट आवरा. मोठ्या बेटला इथे फक्त तुम्हाला हरवणारेच हात कॉल करतात. तुमच्याकडे इस्पिकचा एक्काही असेल तर गोष्ट पालटते. मग टॉप पेअर आणि सगळ्यात मोठ्या फ्लशचा ड्रॉ एकत्र आहे, तिन्ही राउंड खेळायला हरकत नाही.

अठ्ठी-पंजी-तिर्री आणि हातात एक्का-अठ्ठी. छोट्या टॉप पेअरचं काय?

इथे उंचीचा प्रश्न आहे. नव्वीपासून राजापर्यंत 20 पत्ते असे आहेत जे आले की तुमची जोडी टॉप राहत नाही. टर्नलाच असा पत्ता यायची शक्यता 43 टक्के, रिव्हरपर्यंत 68 टक्के. हातात दश्शी असून फ्लॉप दश्शीवर थांबला असता तर राजा, राणी, गुलाम असे 12 च पत्ते उरले असते आणि आकडा 45 टक्क्यांवर आला असता.

म्हणून छोटी टॉप पेअर लवकर आणि मोठ्या बेटने खेळायची. राणी-गुलामसारखे हात, जे आत्ता काहीच नाहीत पण सहा पत्त्यांवर तुम्हाला मागे टाकतात, ते फ्लॉपलाच बाहेर गेले तर तुमचा फायदा आहे. पण तुम्ही आधी बोलावं लागणाऱ्या सीटवरून रेझ केलं असेल आणि बिग ब्लाइंडने कॉल केला असेल, तर अशा फ्लॉपवर दोन जोड्या आणि स्ट्रेट त्याच्याकडेच जास्त असतात हेही विसरू नका. त्याने चेक-रेझ केलं, म्हणजे आधी चेक करून तुमच्या बेटवर रेझ केलं, तर ते गांभीर्याने घ्या.

आणि एक्क्याचा फ्लॉप? एक्का-सत्ती-दुर्री?

एक्क्याच्या वर पत्ता नाही, म्हणून ही टॉप पेअर कुणी मोठा पत्ता लागून हरवत नाही. घाई नाही. किकर मोठा असेल तर लहान बेटने तिन्ही राउंड, एक्का-चव्वीसारखा असेल तर एक राउंड चेक करून दोन.

बोर्डवरच जोडी असेल तर?

राणी-पंजी-पंजी आणि तुमच्याकडे एक्का-राणी असेल तर उरलेल्या पंज्या दोनच आहेत. समोर ट्रिप्स, म्हणजे तीन पंज्या, असण्याची शक्यता कमी. लहान बेट वारंवार करा, आणि समोरून मोठा रेझ आला तरच सावध व्हा.

एक बारीक गोष्ट अशा बोर्डवर बरेच जण विसरतात. एक्का-अठ्ठी-अठ्ठी फ्लॉपवर तुमच्याकडे एक्का-तिर्री आहे, समोर एक्का-दश्शी. फ्लॉपला तुम्ही मागे आहात. टर्नला गुलाम आला की दोघांचा हात एक्के, अठ्ठ्या आणि गुलाम असा एकच होतो. पॉट वाटला जातो. त्यामुळे जोडीच्या बोर्डवर छोट्या किकरचा तोटा थोडा कमी होतो, पण मोठ्या किकरचा फायदाही तितकाच कमी होतो.

किकर खरंच इतका महत्त्वाचा आहे का?

ड्राय फ्लॉपवर सगळ्यात जास्त. राजा-सत्ती-दुर्रीवर राजा-नव्वी घेऊन तुम्ही तीन राउंड मोठी बेट केलीत, तर शेवटपर्यंत कॉल करणारा कोण? राजा-राणी, राजा-गुलाम, सेट. कमजोर हात दुसऱ्या बेटलाच निघून जातात. तिथे राजा-नव्वी दोन राउंडचा हात आहे. भिजलेल्या फ्लॉपवर मात्र ड्रॉवाले पैसे देतात, आणि ड्रॉ किकर बघत नाही.

स्टॅक लहान असेल तर हे सगळं बदलतं का?

हो, आणि खूप. पॉटच्या किती पट पैसे मागे शिल्लक आहेत ते बघा. साध्या रेझ-कॉलच्या पॉटमध्ये 5.5 च्या पॉटमागे 97.5 उरतात, म्हणजे जवळपास 18 पट. बटनच्या 2.5 वर बिग ब्लाइंडने 11 केले आणि कॉल झाला तर पॉट 22.5, मागे 89, म्हणजे 4 पट. पुन्हा एकदा रेझ होऊन 24 वर गेलं तर दीड पट उरतं.

18 पटीत एका जोडीवर सगळा स्टॅक घालवणं बहुतेक वेळा चूक. 4 पटीत ड्राय फ्लॉपवर एक्का-राजा घेऊन फोल्ड करणं बहुतेक वेळा चूक. दीड पटीत फ्लॉप बघत बसायची गरजच नाही.

2003 च्या वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरच्या मेन इव्हेंटचा शेवटचा हात याच नजरेने बघा. 839 खेळाडूंतून दोघे उरलेले. सॅम फार्हाकडे गुलाम-दश्शी, क्रिस मनीमेकरकडे पंजी-चव्वी. फ्लॉप आला गुलाम-पंजी-चव्वी, त्यात दोन इस्पिक. फार्हाला टॉप पेअर, मनीमेकरला दोन जोड्या. पैसे फ्लॉपलाच गेले, रिव्हरला आणखी एक पंजी येऊन फुल हाउस (तीन पंज्या आणि चव्वीची जोडी) झालं आणि मनीमेकरला 25 लाख डॉलर मिळाले. दोन गुलाम आणि तीन दश्श्या, एवढेच पाच पत्ते फार्हाला थेट वाचवू शकत होते. पण दोघांच्याच टेबलावर, ब्लाइंड चढलेले असताना, ड्रॉ असलेल्या फ्लॉपवर टॉप पेअर घेऊन पैसे घालणं यात माझ्या मते काही गैर नव्हतं. नऊ जणांच्या कॅश टेबलावर, 100 बिग ब्लाइंड मागे असताना तोच हात तसाच खेळला असता तर मी वेगळं म्हटलं असतं.

पॉटमध्ये चारपाच जण असतील तर?

एक राउंड कमी करा. तीन राउंडचा हात दोनचा होतो, दोनचा एकाचा. ब्लफ करणारे कमी होतात आणि कुणाकडे तरी काहीतरी असतंच.

मी बेट केली आणि समोरच्याने रेझ केलं. आता?

फ्लॉपचा रेझ आणि टर्नचा रेझ यांना एका मापाने मोजू नका. फ्लॉपवर, विशेषतः ड्रॉ असलेल्या फ्लॉपवर, लोक ड्रॉ घेऊनही रेझ करतात. तिथे एक्का-राजा घेऊन एक कॉल ठीक आहे. टर्नचा रेझ, त्यातही छोट्या स्टेकच्या टेबलावर, आणि तोही रात्रभर गप्प बसलेल्या माणसाकडून, जवळजवळ नेहमीच दोन जोड्या किंवा त्याहून मोठा हात असतो. सॉल्व्हर (पोकरची चाल गणिताने काढणारा संगणक प्रोग्राम) काही वेळा तिथे कॉल करायला सांगतो, कारण समोरचाही पुरेसे ब्लफ करतोय असं तो गृहीत धरतो. तुमच्या समोरचा करतोय का, हे तुम्हालाच ठरवायचं आहे.

हे खेळायचं कुठे? ऑनलाइन चालतं का?

ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने केलेल्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर देशभर बंदी आणली, पोकरही त्यात आलं. गोव्यात पणजीला मांडवीवरच्या परवानाधारक कॅसिनोंमध्ये टेबलावर बसून पोकर खेळता येतं. कुठेही खेळा, घरखर्चाचा पैसा टेबलावर आणू नका. हरलेला पैसा परत मिळवायची घाई झालेल्या माणसाला कुठलाच फ्लॉप नीट दिसत नाही. फ्लॉप वाचायला शिकण्यासाठी तर पैशांची गरजच नाही. घरी पत्ते पिसा, स्वतःला एक्का-राजा द्या, तीन पत्ते उघडा आणि टर्नचे किती पत्ते नकोत ते मोठ्याने मोजा.

रिव्हरला समोरून मोठी बेट आली. माझ्याकडे फक्त टॉप पेअर. कॉल की फोल्ड?

आधी भाव. अर्ध्या पॉटची बेट असेल तर चारातून एकदा बरोबर ठरलात तरी पुरतं, पूर्ण पॉटची असेल तर तीनातून एकदा. मग फ्लॉपकडे परत बघा आणि विचारा: इथे फसलेले ड्रॉ कोणते?

राजा-सत्ती-दुर्रीच्या ड्राय बोर्डवर, पुढे साधेच पत्ते येऊनही कुणी अचानक पॉटएवढी बेट लावत असेल, तर ब्लफ करायला त्याच्याकडे हात कुठून आला? ड्रॉच नव्हता. तिथे राजा-दश्शी शांतपणे टाकून द्या.

तेच राजा-दश्शी-चव्वी, दोन इस्पिक, आणि पुढे बदामची सत्ती, किलवरची दुर्री आली, तर सगळे इस्पिकवाले फसले, राणी-गुलामही फसला. इथे एक्का-राजा घेऊन कॉल करा. आणि तेव्हा हातात इस्पिकचा एक्का नसेल तर आणखी बरं, कारण तो तुमच्याकडे असता तर फसलेल्या फ्लश ड्रॉपैकी बरेचसे समोरच्याकडे असूच शकले नसते.